अंगणातली अलाइनमेंट

३ मार्च, मंगळवार

गाडी डावीकडे ओढते आहे. आठ दिवस संशय होता, आज खात्री केली. गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाने स्टेअरिंग सोडलं आणि मनात आकडे मोजले. सातव्या आकड्याला डावं चाक कडेच्या मातीत उतरलं. ही शेजारी बसली होती. म्हणाली, "अहो, मला ढकलायचंच असेल तर सांगून तरी ढकला, निदान चांगली साडी नेसून येते."

घरी आल्यावर मात्र गंभीर झाली. "धाकट्याकडे नेऊ या ना. त्याचंच तर काम आहे ते. या महिनाअखेर तो दुकान सोडतोय."

धाकटा म्हणजे हिचा पाठचा भाऊ, माझा मेहुणा. बस स्टँडमागे त्याचं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे. चौदा वर्षं मी त्या रस्त्याने गेलेलो नाही. मी म्हटलं, "दोन चाकं एकमेकांना समांतर आहेत का, एवढंच तर बघायचं असतं. छत्तीस वर्षं कारखान्यात मापं तपासली मी. अर्ध्या मिलिमीटरसाठी गाड्याच्या गाड्या माल परत पाठवला. आता माझी गाडी मी दुसऱ्याकडून मोजून घेऊ?"

हिने भांडी जरा जोरात लावली.

४ मार्च, बुधवार

वही माझी, कुलूप माझं, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. चौदा वर्षांपूर्वी धाकट्याने नोकरी सोडून, साठवलेलं सगळं घालून ते दुकान काढलं. उद्घाटनाला आम्ही गेलो. संगणकाचं मोठं मशीन, पडद्यावर चाकांची चित्रं, पाहुण्यांच्या हातात सरबताचे पेले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढं मशीन कशाला रे बाबा? चार खुर्च्या आणि दोरी घेऊन अंगणात अर्ध्या तासात होतं हे काम." लोक खो खो हसले. मला वाटलं, काय झकास बोललो. एक गिऱ्हाईक पहिली गाडी लावायला आलं होतं, ते म्हणालं, "मग मीही घरीच बघतो," आणि गेलं.

लोक पांगल्यावर धाकटा माझ्यासमोर आला. आवाज चढवला नाही. "भाऊजी, तुमची गाडी तुम्ही अंगणातच करा. इथे आणू नका." तेव्हापासून बोलणं बंद.

मी खोटं काही बोललो नव्हतो. पण हेही खरं, की तोपर्यंत मी दोरीने अलाइनमेंट एकदाही केलेली नव्हती. आजवर केलेली नाही.

७ मार्च, शनिवार

केली सुरुवात. चार खुर्च्या गाडीच्या चार कोपऱ्यांना, दोन्ही बाजूंनी चाकांच्या मध्याच्या उंचीवर सुतळी ताणून बांधली. मग पुढच्या चाकाच्या रिमची पुढची कड सुतळीपासून किती लांब आणि मागची कड किती, ते स्टीलच्या पट्टीने मोजायचं. दोन्ही सारखी आली की चाक सरळ. फरक आला तर आतल्या दांड्याचं नट सैल करून दांडा थोडा फिरवायचा. एवढीच विद्या.

शेजारचे पोस्टमास्तर कुंपणावर कोपर टेकून दोन तास उभे. निवृत्त माणूस. उंटावरचा शहाणा. "खुर्चीवर बसायचं सोडून तिला दोरीने बांधलीत होय," म्हणाले.

डावं चाक: पुढे ११८.५ मिलिमीटर, मागे ११४. दांडा फिरवून दोन्ही ११६ वर आणलं. हात काळे, कंबर धरली, पण जीव सुखावला. पुन्हा कामावर गेल्यासारखं वाटलं. हिने चहा अंगणातच आणून दिला आणि विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

८ मार्च, रविवार

झालं नाही. आज सहज पुन्हा मोजलं: पुढे ११९, मागे ११३. काल रात्रीपासून गाडी जागची हललेलीही नाही, मी फक्त सकाळी स्टेअरिंग इकडेतिकडे फिरवून बघितलं होतं. सुतळीचाच दोष. दवाने सैल पडली असणार. मासे धरायची नायलॉनची दोरी आणली आणि पुन्हा जुळवलं.

१२ मार्च, गुरुवार

नायलॉनच्या दोरीनेही तेच. सकाळी एक माप, दुपारी दुसरं. उन्हाने पट्टी वाढते की काय म्हणून पट्टी सावलीत ठेवून बघितली.

ही दर गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामाला जाते. आज बसने परत आली तर बाहीवर काळा डाग. मी विचारलं तर म्हणाली, बसचा दांडा. बसवाले हल्ली दांड्यालाही ग्रीस लावतात वाटतं. मग हात धुता धुता पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही चाक जॅकवर उचलून, वरून खालून धरून हलवून बघितलंत का?"

मी चकितच. "हे तुला कोणी सांगितलं?"

"रेडिओवर ऐकलं."

"रेडिओवर आता चाकं हलवायला शिकवतात?"

"सगळं शिकवतात. ऐकणारा पाहिजे."

छत्तीस वर्षं मापं घेतलेल्या माणसाला रेडिओने शिकवावं! मला हसूच आलं.

१५ मार्च, रविवार

आज कारण सापडलं. अंगणच उताराचं आहे! पाण्याची नळी धरून पातळी काढली. फाटकाकडे दोन बोटं उतार. मी हे मोठ्या उत्साहाने हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं."

पोस्टमास्तर कुंपणापलीकडून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी दिवसभर दोघांशी बोललो नाही. डाव्या बाजूच्या चाकांखाली पत्रे घालून गाडी समपातळीत आणली.

१९ मार्च, गुरुवार

माझी ही वही खणात उलटी ठेवलेली सापडली. मी नेहमी पाठ भिंतीकडे करून ठेवतो. कुलूप आहे, पण किल्ली खिळ्यालाच टांगलेली असते. वय झालं, मीच उलटी ठेवली असेल.

संध्याकाळी ही गुडघ्याच्या व्यायामाहून आल्यावर पुन्हा तेच. "माप रोज बदलतंय म्हणजे पट्टी नाही, दोरी नाही, चाकालाच धरून असलेलं काहीतरी ढिलं आहे, म्हणे."

"म्हणे कोण?"

"रेडिओ."

मी चिडलो. माप रोज बदलतंय हे मी हिला कधी सांगितलं, तेही आठवेना. म्हटलं, "त्या रेडिओला सांग, मी काय करतोय ते मला कळतं." ही म्हणाली, "सांगते."

२१ मार्च, शनिवार

आज दोनदा मोजलं, दोन्ही वेळा ११६, ११६! स्टेअरिंगला हात न लावता मोजलं, हे खरं, पण ११६ ते ११६. नटं आवळून टाकली. गोदामांमागच्या रस्त्यावर दहा आकडे मोजून झाले तरी गाडी नाकासमोर. खड्ड्यात डावीकडून टक असा बारीक आवाज येतो, तो जुनाच. सोळा वर्षांची गाडी, तिचेही सांधे दुखणारच.

पोस्टमास्तरांना बोलावून दाखवली. म्हणाले, "मानलं बुवा." वर म्हणाले, "सकाळी तुम्ही गाडीखाली होतात तेव्हा एक स्कूटरवाला फाटकाशी उभा होता बराच वेळ. हातात खोकं होतं. मी हटकलं तर म्हणाला, पत्ता चुकला, आणि गेला." हल्ली सामान घरपोच देणाऱ्यांचं पत्त्यांकडे लक्षच नसतं.

२५ मार्च, बुधवार

जेवताना हिने सांगितलं. धाकटा मंगळवारी, एकतीस तारखेला, विमानाने परदेशात मुलीकडे जातोय, कायमचा. हृदयाचं दुखणं आहे, डॉक्टरांनी एकटं राहू नको म्हणून बजावलंय. दुकान त्याच्या मेकॅनिकने घेतलं. ही एकेक वाक्य ताटाकडे बघत बोलत होती. "इतक्या लांब. मी काही तिकडे जायची नाही आणि तो काही परत यायचा नाही. मी टॅक्सी करून विमानतळावर जाऊन येते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "टॅक्सी कशाला? मी नेतो. मीही येतो."

हिने मान वर केली. "खरंच याल? त्याच्यासमोर?"

"येईन की."

हिचे डोळे भरले. उठून पाणी आणायला गेली आणि रिकामाच तांब्या घेऊन परत आली.

आता इथे खोटं लिहून उपयोग काय. माझ्या डोळ्यांसमोर धाकट्याची क्षमा मागणं नव्हतंच. मला दिसत होती विमानतळासमोर सरळ रेषेत येऊन थांबणारी माझी गाडी, आणि मी त्याला सहज सांगतोय, अंगणात केली. हिला वाटलं मी विरघळलो. मीही ते तसंच वाटू दिलं.

झोपायला जाताना हिने एकच मागितलं. "निघण्याआधी ते चाक हलवून बघाल ना? माझ्यासाठी. लांबचा रस्ता आहे."

मी हो म्हटलं.

३१ मार्च, मंगळवार

आम्ही पोचलो नाही.

पेट्रोल पंपापाशी वळताना वेग वीसही नव्हता. टक झालं, मग कडाड, आणि गाडी डाव्या पुढच्या बाजूला बसली. उतरून बघितलं तर डावं चाक वरून आत मुडपलेलं, माणसाचा पाय मुरगळावा तसं. मोठ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात हे झालं असतं तर ही वही पुढे लिहिली गेली नसती. हिला ओरखडाही आला नाही, हे देवाचे उपकार, माझे नाहीत.

टॅक्सी मिळायला पाऊण तास गेला. आजचाच दिवस टॅक्सीवाल्यांना कामं होती. टॅक्सीत हिचा फोन सारखा वाजत होता. "अरे, आलोच. अर्धा तास. हो, तेही आहेत बरोबर. हो रे, खरंच आहेत." मग थोड्या वेळाने, "वीस मिनिटं." मग, "तू आत जा. थांबू नकोस. माझं ऐक, ताई सांगतेय ना, जा आत." मग फोन पर्समध्ये ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मांडीवर त्याच्यासाठी विणलेली लोकरीची टोपी कागदात गुंडाळलेली होती.

आम्ही काचेच्या दारांपाशी उतरलो तेव्हा आतल्या फलकावर त्याच्या विमानापुढे दारं बंद झाल्याचा दिवा लागला होता. पहारेकरी म्हणाला, आता आत कोणाला निरोप जात नाही. ही दहा मिनिटं काचेला हात लावून उभी राहिली. मी मागे उभा होतो. 

परतीच्या वाटेवर तिने एकदाच विचारलं. "चाक हलवून बघितलं होतंत?"

मी म्हटलं, "नाही."

पाच मिनिटांचं काम. जॅक डिकीतच होता. पण हलवून बघायचं म्हणजे मी केलेल्या कामावर मीच शंका घ्यायची, आणि तेवढं माझ्याच्याने झालं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "हं," म्हणाली, बस्स.

३ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस घरात फक्त घड्याळ बोलतंय. ही चहा देते, जेवायला वाढते, विचारलं तेवढं सांगते. लोकरीची टोपी कपाटावर तशीच कागदात आहे.

ओढून नेणाऱ्या गाडीवाल्याने आमची गाडी परस्पर बस स्टँडमागे नेऊन ठेवली होती. मला मंगळवारी भानच नव्हतं, कुठे नेऊ विचारलं तेव्हा मी नुसता हात हलवला असणार. आज गेलो. पाटी तीच, आत मशीन तेच. नवा मालक म्हणजे धाकट्याच्या हाताखाली बारा वर्षं राबलेला मेकॅनिक, कपाळावर चष्मा. मी नाव सांगायच्या आतच म्हणाला, "साहेब, तुमची गाडी झालीय. डावा बॉल जॉइंट, चाकाला धरून ठेवणारा सांधा, पार गेला होता. उजवाही बदलला."

मी म्हटलं, "इतक्या जुन्या गाडीचा सुटा भाग लगेच मिळाला?"

"शेठनी मागवून ठेवला होता ना. मागच्या महिन्यातच. एकदा स्कूटरवर घेऊन तुमच्याकडे निघालेही होते, तसेच परत आले." त्याने फळीवरचं रिकामं खोकं दाखवलं. वर धाकट्याच्या अक्षरात माझ्या गाडीचा नंबर. "मला बजावून गेलेत. निळी गाडी, हा नंबर, आली की आधी डावा बॉल जॉइंट बघ. आणि साहेबांना म्हणावं, पैसे घ्यायचे नाहीत."

खोक्यात एक कागद होता. तारखा आणि आकडे. ११८.५, ११४. ११९, ११३. माझे आकडे, हिच्या अक्षरात.  मेकॅनिकने एक स्टूल पुढे केलं.

"ताई इथेच बसायच्या," तो म्हणाला. "दर गुरुवारी. शेठ आणि त्या तो कागद घेऊन बसायचे."

"हसायचे असतील मला."

"नाही हो साहेब. शेठ मला बोलावून दाखवायचे. म्हणायचे, बघ, दोरी आणि पट्टीवर घेतलेली मापं आहेत ही. अर्ध्या मिलिमीटरचीसुद्धा गफलत नाही. माप बदलतंय ते सांध्यामुळे, भाऊजींच्या हातामुळे नाही."

त्याने गाडी मशीनवर घेतली, पडद्यावर चाकांची चित्रं आली, हिरवे आकडे आले. मी ते काही बघितलं नाही. मी पैसे पुढे केले, त्याने हात मागे घेतला. गाडी घेऊन मी लांबच्या रस्त्याने घरी आलो. गाडी छान चालते. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

हिला म्हटलं, "गुडघ्याचा व्यायाम म्हणजे..."

ही निवडायचं ताट हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चाक हलवून बघितलं असतं?"

मी खूप विचार केला. नसतं बघितलं. त्याने सांगितलंय म्हटल्यावर तर मुळीच नाही.

५ एप्रिल, रविवार

दुपारी हिच्याकडे धाकट्याचा नंबर मागितला. चौदा अंक, परदेशातला नवा नंबर, चार दिवसांत हिला तोंडपाठ. हिने सांगितला, मी लावला.

त्याच्या मुलीने उचलला. लहानपणी "आतोबा, आतोबा" करत माझ्या खांद्यावरून उतरायची नाही ती. "कोण बोलतंय?" मी म्हटलं, "तुझा आतोबा."  मला वाटलं फोन बंद पडला. मग जपून, परक्याशी बोलावं तसं, "अच्छा... हो, हो. बोला ना. बाबा जरा पडलेत. उठवू का?"

"नको, नको. पडू दे. उद्या करतो." ठेवला. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला लिहू?

ही दारातच उभी होती. "चौदा वर्षं उद्याच चाललंय तुमचं," म्हणाली. माझ्या हातातून फोन घेतला, पुन्हा लावला. "मी आत्या. उठव त्याला. काही होत नाही, उठव." आणि फोन माझ्या कानाला लावून हात तसाच धरून उभी राहिली.

चपला घासत येणारा आवाज. खोकला. मग, "बोला, भाऊजी."

सकाळपासून चार वाक्यं जुळवून ठेवली होती. एक आठवेल तर शपथ. मी म्हणालो, "डावा बॉल जॉइंट गेला होता."

"हं. बदलला ना?"

"बदलला." मग जीभ सैल झाली. "त्या दिवशी मी तुझ्या दुकानात बोललो ते चुकलं माझं. उगाच हसवायला बोललो. अंगणात होत नाही ते काम."

तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा. मला वाटलं, आता ठेवेल.

"होतं, भाऊजी," तो म्हणाला. "दोरीने होतं. मीही पहिली चार वर्षं मशीन बंद पडलं की दोरीच लावायचो. आधी चाक हलवून बघायचं असतं, एवढंच. तुम्ही विचारलं असतंत तर मी येऊन दाखवलं असतं."

मला रडू आलं, ते फोनवर ऐकू गेलं असेल. तो म्हणाला, "द्या, ताईला द्या."

हिला दिला. मी अंगणात जाऊन बसलो. खिडकी उघडी होती. ही हसत होती, रागावत होती, टोपी टपालाने पाठवते म्हणत होती. घरात इतका आवाज फार दिवसांनी झाला. मग हिचा स्वर बदलला. हळू विचारलं, "त्या दिवशी आमची वाट बघत काचेपाशी किती वेळ थांबला होतास रे?"

त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ही बराच वेळ ऐकत राहिली, मग खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. आता रात्रीची जेवणं झाली आहेत. हिने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.